रूपराव खिंड उतरले

कारंज्याजवळ महामार्गावरची ढाब्यांची रांग संपली की एक कच्चा रस्ता टेकड्यांकडे वळतो. आधी काळ्या मातीची पांदण, मग रेतीचा नाला आणि त्यापुढे बैलखिंडीचा मुरमाड चढ. खिंडीच्या वर टेंभरी हे गाव. तिथल्या शाळेत मी पुष्कळ वर्षं शिकवलं. सकाळी एसटीतून फाट्यावर उतरायचो आणि चढ पायी चढायचो. बहुतेक दिवशी सोबतीला रूपराव असत. ढाब्यांवर दूध देऊन ते परत निघालेले असत. सायकलच्या दोन्ही बाजूंचे रिकामे डबे खडखडत असायचे, आणि माझ्यासाठी ते सायकल हातात धरून चालायचे. मी नसलो की तोच चढ ते सीटवरून न उठता चढत, असं पोरं सांगायची.

रूपरावांच्या घरी गवळाऊ गाई होत्या. धार काढायची त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी आणि दूध खाली पोचवायचं रूपरावांनी, अशी वाटणी होती. देवकाबाईही अधूनमधून डोक्यावर जळणाचा भारा घेऊन त्याच खिंडीतून खाली विकायला जात. दूध हिंदकळू नये म्हणून डब्यात पळसाची डहाळी टाकलेली असे. तरी खिंडीतल्या खड्यांवर सायकल जोरात सोडली तर दूध घुसळलं जायचं, वर लोण्याचे कण यायचे, आणि ढाबेवाला नाक मुरडायचा. म्हणून उतरताना रूपराव दोन्ही पाय जमिनीला लावत आणि टायरच्या चपला घासत, इंचाइंचानं खाली येत. त्यांच्या चपलांचे तळवे टाचेकडून झिजलेले असत. तरणे असल्यापासून केस पांढरे होईपर्यंत ते त्या खिंडीतून असेच उतरले.

पुढे काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. गाई मुलगा बघू लागला, दूध मोटारसायकलवरून जाऊ लागलं. रूपराव घरासमोरच्या ओट्यावर बसून राहत. निवृत्तीनंतरही मी महिन्यातून एखादी चक्कर मारतो, तेव्हा अंगणात पाऊल वाजलं की ते ओट्यावरूनच ओळखतात.

दोनेक वर्षांपासून त्या रस्त्यानं रविवारी सायकलवाले येऊ लागले. वर्ध्याचा त्यांचा गट आहे. डांबरी रस्ते सोडून ते मुद्दाम टेकड्यांतल्या मुरमाच्या वाटा शोधतात आणि त्या प्रकाराला ग्रॅव्हल म्हणतात. त्यासाठी जाड टायरांची वेगळी सायकल लागते हे ऐकून रूपरावांना फार मौज वाटली होती. खड्यावरच शिकलेल्या माणसाला खड्याची वेगळी सायकल कशी असते ते हातानं चाचपून बघायचं होतं. ती संधीही मिळाली, कारण त्यांची नात जया त्याच गटात आहे. ती वर्ध्याला बँकेत नोकरी करते. माझ्याकडे चौथीपर्यंत शिकली. तेव्हाही मधल्या सुट्टीत ती कधी जागेवर सापडायची नाही.

एका रविवारी मी ओट्यावर त्यांच्याजवळ बसलो होतो. सायकलवाले आमच्यासमोरून गेले आणि खिंडीत उतरले. खड्यांचा सळसळता आवाज एकदम खाली गेला आणि विरला. रूपराव बराच वेळ कान देऊन होते. मग मला म्हणाले,

"गुरुजी, किती भर्रकन गेले. मी तं त्या खिंडीतून कधी गेलोच नाई."

मला कळेना. जन्म त्या वाटेवर गेला ना तुमचा, असं मी म्हटलं.

"मी नव्हतो जात. दूध जात होतं. मी त्याच्या मांगं मांगं." ते पुढे म्हणाले, "एकदा मोकयं उतरा लागते. मंग डोये नसले तरी चालते."

हे त्यांनी मग जयाला सांगितलं. तिच्या गटाकडे एक जोडसायकल आहे. एका सांगाड्यावर दोन सीटा, दोन पायडलच्या जोड्या. पुढच्यानं सांभाळायची, मागच्यानं फक्त पायडल मारायचं. ज्यांना दिसत नाही अशांसाठीच ती ठेवली आहे, आणि जयानं ती अनेकदा चालवली होती. तिनं लगेच हो म्हटलं. अडलं ते देवकाबाईंपाशी. या वयात हाड मोडलं तर अंथरूण धरावं लागेल आणि ते अंथरूण आपल्यालाच काढावं लागेल, हे त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. नवऱ्याला पंख फुटले का, अशी चौकशीही केली. पंधरवडाभर त्या बोलल्या, रूपराव गप्प राहिले. जेवताना गप्प, गाईजवळ गप्प. शेवटी देवकाबाईंनीच तोडगा काढला. एकच दिवस. त्यानंतर सायकलचं नाव घ्यायचं नाही. आणि त्या दिवशी गुरुजींनी तिथं हजर राहायचं. माझ्या हजर राहण्यानं काय होणार होतं ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही खिंडीच्या माथ्यावर जमलो. खाली टेकड्यांच्या उघड्या पाठी एकामागून एक गेलेल्या. सागाची पानं गळून जंगल विरळ झालेलं, त्यामुळे रस्ता पायथ्यापर्यंत दिसत होता. तांबूस, वळणावळणाचा, शेवटी नाल्याच्या पांढऱ्या रेतीत शिरणारा. जयानं आजोबांच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं. त्यांच्या पायांत नवे बूट होते. ते मागच्या सीटवर बसले, दांडी धरली आणि सवयीनं तिच्याखाली ब्रेक चाचपला. तो तिथं नव्हताच.

सायकल निघाली. पहिल्या उताराला लागताच रूपरावांचे पाय पायडलवरून सुटले आणि जमिनीला टेकले. मागे धुळीचे दोन पट्टे उठले. जया ओरडून सांगत होती, आबाजी पाय वर घ्या. ते घेत, आणि पुढच्या वळणावर पाय पुन्हा खाली. सायकल डगमगत, अडखळत, कशीबशी नाल्यापर्यंत पोचली. मी आणि देवकाबाई वरून पाहत होतो. देवकाबाईंनी सुस्कारा टाकला. झालं एकदाचं, असा तो सुस्कारा होता.

मग मी जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती दोघं परत चढू लागली. रूपराव सीटवर किंचित पुढे झुकले होते, खांदे स्थिर, आणि पाय एका लयीत फिरत होते, जणू चढ त्यांच्या पायांखाली आपण होऊन मागे सरकत होता. कुठं दम घेतला नाही. ज्या चढावर मी तरुणपणी तीनदा बसायचो, तिथं हा सत्तरी ओलांडलेला, डोळे नसलेला माणूस नातीला वर आणत होता. माथ्यावर आल्यावर जया धापा टाकत म्हणाली की आपण फक्त दांडी सांभाळली, बाकी सगळं आबाजींनी केलं.

रूपराव मात्र कोमेजले होते. बुटांचे नवे तळवे खरवडून निघाले होते.

देवकाबाई म्हणाल्या, "उतरले नं? चला आता घरी."

"मी कुठं उतरलो? पुन्हा दूधच उतरलं." ते हळू आवाजात म्हणाले. "पाय आयकतच नाई व. मी वर घेतो, ते खाली जाते."

एकच दिवस ठरला होता, पण उतरणं किती वेळा ते ठरलं नव्हतं, हे जयाच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं. पण पुन्हा नेऊन तरी काय होणार होतं? पाय तेच.

देवकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग सरळ घराकडे गेल्या. मला वाटलं, रागानं गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या तेव्हा हातात काथ्याच्या मऊ झालेल्या दोन दोऱ्या होत्या. धार काढताना गाईनं लाथ मारू नये म्हणून तिचे मागचे पाय ज्या दोरीनं बांधतात, तसल्या. त्या खाली बसल्या, नवऱ्याचा एक पाय पायडलवर ठेवला आणि बांधला. मग दुसरा.

"हे काय करून राह्यली?" रूपरावांनी विचारलं.

"लात मारनाऱ्या गाईचे पाय बांधाच लागते." त्यांनी दोन्ही दोऱ्यांचं एकेक टोक मोकळं ठेवलं आणि जयाला दाखवलं. ते ओढलं की गाठ सुटते. गाय बिथरली तर वेळेवर सोडता यावी म्हणून ती तशीच मारतात. "पोरी, पडाची पाळी आली तं आधी हे ओढजो. मंग ब्रेक." जयानं ती टोकं आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून घेतली.

भीती मलाही होती. पण तेवढं निश्चिंत बांधणारे हात मी फार कमी पाहिले आहेत.

सायकल सुटली. पहिल्या वळणावर रूपरावांचे गुडघे ताणले गेले, दोऱ्या ताठ झाल्या, आणि त्या ताणात ते क्षणभर ओढले गेल्यासारखे दिसले. दुसऱ्या वळणावर गुडघे सैल पडले. मग सायकल उतारावर अशी निघाली की खड्यांचा आवाज वेगवेगळा ऐकू येईना, एक सलग सळसळ झाली. रूपरावांचा चेहरा वर, आकाशाकडे होता. सदरा पाठीमागे फुगला होता. टेकड्या तशाच निवांत पडलेल्या आणि त्यांच्या अंगावरून ही एवढीशी वस्तू वाहत चालली होती. सायकल शेवटच्या वळणाआड गेली, दिसेनाशी झाली, आणि पुन्हा खूप खाली, नाल्याच्या रेतीत, हळूहळू थांबताना दिसली.

आम्हा दोघांना खाली पोचायला बराच वेळ लागला. रूपराव अजून सीटवरच होते. जया सायकल धरून उभी होती. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"रडून राह्यले का?" देवकाबाईंनी विचारलं.

"वाऱ्यानं आलं." ते म्हणाले. "आतापर्यंत वारा कधी डोयापर्यंत आलाच नव्हता."

देवकाबाई गाठ सोडायला वाकल्या. रूपरावांनी हात पुढे करून चाचपत त्यांचा खांदा धरला.

"जनमभर तू बी डोक्यावर भारा घेऊनच उतरली. आता तू बस. जया नेते तुले."

"मायावाले पाय कोण बांधन?"

"मी बांधतो. गाठ बांधाले डोये लागत नाई."

देवकाबाईंनी दोन्ही गाठी सोडल्या, दोऱ्या झटकून रेती काढली आणि रूपरावांच्या हातात दिल्या. मग वर खिंडीकडे एकदा पाहिलं, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि जयाला विचारलं, या सायकलीचा ब्रेक नेमका कुठं आहे.