समास सोडून

अभिलेखागाराच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, गेली एकतीस वर्षे जे गृहस्थ जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेत आले आहेत, त्यांना सगळे ‘एकडोळे काका’ म्हणतात. त्यांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. कॅमेऱ्यातून पाहताना डावा डोळा मिटण्याची सवय मात्र इतकी मुरली आहे की वर्तमानपत्र वाचताना, भाजी निवडताना, कोणी रागावत असतानाही तो आपोआप मिटतो. वरिष्ठांसमोर एकदा असा मिटल्यामुळे त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला होता, असे सांगतात. तो खुलासा मी आस्थापना विभागाच्या फायलींत शोधला, सापडला नाही. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे कागदावर आहे, शेवटचे मी स्वतः पाहिले आहे, आणि जे केवळ काकांच्या किंवा दुकानदाराच्या तोंडचे आहे ते त्या दोघांना वेगवेगळे विचारून जुळवले आहे.

खोलीत एक टेबल, त्यावर काळे कापड, टेबलाला जोडलेला लोखंडी दांडा आणि दांड्यावर जमिनीकडे तोंड करून टांगलेला कॅमेरा. दोन बाजूंना दोन दिवे. पान सपाट राहावे म्हणून त्यावर ठेवायची एक जाड काच. काकांच्या कामाचा ताल चार शब्दांचा होता आणि ते तो पुटपुटत असत: “पान, काच, श्वास, खटका.” खटका दाबेपर्यंत श्वास रोखायचा, नाहीतर टेबल हलते, असा त्यांचा दावा होता. पानावर काय लिहिले आहे ते मात्र ते कधीच वाचत नसत. “वाचायला लागलो की हात थांबतो,” असे ते प्रत्येक नव्या संशोधकाला बजावत.

या कामाला प्राइम लेन्स लागते. म्हणजे जिला दूरचे जवळ ओढता येत नाही, जिची नजर एकाच मापाची असते. काकांची जुनी लेन्स कॅमेऱ्याच्याच कंपनीची होती. एका पावसाळ्यानंतर तिच्या आत बुरशीची जाळी धरली आणि प्रत्येक पानावर धुके उतरू लागले. नेमका त्याच महिन्यात वरून आदेश आला होता: इमारत रिकामी करायची आहे, चाळीस वर्षांच्या जन्मनोंदींच्या वह्यांची छायाचित्रे चौदा महिन्यांत पुरी करावीत, आणि मग मूळ वह्या लगद्यासाठी कागद कारखान्यात पाठवाव्यात. आदेशाची प्रत माझ्याकडे आहे. त्यात ‘लगद्यासाठी’ हा शब्द हाताने, नंतर घातलेला दिसतो.

काका लेन्सच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांना ओळखत होता. त्याने दोन लेन्सा काउंटरवर ठेवल्या: एक कॅमेऱ्याच्याच कंपनीची, दुसरी वेगळ्याच कारखान्याची, पण या कॅमेऱ्याला बसणारी.

“काका, नाव पाहिजे असेल तर ही न्या. कागद पाहिजे असेल तर ही.”

“म्हणजे काय?”

“कंपनीवाली चेहऱ्यांसाठी. मधोमध चेहरा झकास, कडेचं जरा पुसट, गिऱ्हाईक खूश. ही दुसरी सपाट वस्तूसाठीच बनवलेली. कोपऱ्यापर्यंत सारखं ओढून धरते.”

“मग हिचं नाव कोणी घेत का नाही?”

“मुलगी गुणाची आहे हो, पण घराणं कुणाला माहीत नाही,” दुकानदार म्हणाला. “दोन्ही न्या. चार दिवस वापरा. नको ती परत आणा.”

येथे कार्यालयाचा एक नियम आडवा आला: प्रयोगासाठी मूळ दस्त वापरू नये. काका नियमाला धरून चालणारे. त्यांनी भांडारातून जन्मनोंदीचा छापील कोरा नमुना मागून घेतला, तो काचेखाली ठेवला आणि प्रत्येक लेन्सने दोन अशी चार छायाचित्रे काढली. त्यांचे छाप ते घरी घेऊन गेले, कारण त्यांची पत्नी घरी कपड्यांना काजे करते आणि सुईच्या टोकाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही.

“नीट बघ. कुठल्या फोटोत जास्त स्वच्छ दिसतंय?”

तिने चारही छाप खिडकीशी धरले. “अहो, यात आहे काय बघण्यासारखं? कोऱ्या कागदाचे चार फोटो काढून आणलेत आणि म्हणता फरक सांग!”

“रेघा बघ, रेघा.”

“रेघा सरळ आहेत. बास? आता उठा, टेबल मोकळं करा. उद्या काय, कोऱ्या कापडाला काजं करायला सांगाल.”

हा विनोद काकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या कार्यालयाला सांगितला. सगळे हसले, आणि काकाही. कोरा नमुना कोराच असतो, त्याच्या कडेच्या समासात काही लिहिलेले नसते, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. जन्माची नोंद मधल्या रकान्यांत एका दिवसात लिहून होते. समास मात्र पुढच्या पन्नास वर्षांत भरत जातो: नाव बदलले, दत्तक गेले, वडिलांचे नाव चुकले होते, दुरुस्त केले. हे त्या इमारतीत प्रत्येकाला पाठ होते, आणि बहुधा म्हणूनच त्या दिवशी कोणाला आठवले नाही.

निवड शेवटी एका शब्दावर झाली. प्रत्येक छायाचित्राच्या फायलीत कॅमेरा स्वतःच तपशील भरतो: तारीख, वेळ, लेन्स. कंपनीच्या लेन्सच्या दोन फायलींत तिचे पूर्ण नाव उमटले होते. दुसरीच्या फायलींत होते: ‘लेन्स: अनोळखी’.

कार्यालयाच्या अधीक्षक मॅडमनी त्या तपशिलाचा छापील कागद बोटाने टेबलावर दाबून धरला. “काका, उद्या कोणी विचारलं, ही नक्कल कशाने काढली? आपण काय सांगायचं? अनोळखीने?”

“मॅडम, दुकानदार म्हणतो की कागदाला हीच चांगली.”

“दुकानदार काहीही म्हणेल. तुम्हाला फरक दिसला का?”

काकांचा डावा डोळा मिटला. “नाही दिसला.”

“मग तसं लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिले. तो कागदही माझ्याकडे आहे: ‘दोन्ही लेन्सचा निकाल समान आढळला.’ खाली सही, तारीख. कंपनीची लेन्स बसली, आणि चौदा महिन्यांत अडतीस हजार पानांवर खटका वाजला. तपासणीत मॅडम प्रत्येक शंभरांतले एक पान उघडत आणि नोंद क्रमांक व नाव वाचता येते ना एवढे पाहून पुढे जात. ती दोन्ही नेहमी पानाच्या मध्यावर असतात. मग ट्रक आले आणि वह्या गेल्या.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, मी काकांच्या शेजारच्या टेबलावर सूची ताडून पाहत होतो. पासष्टीच्या आसपासच्या एक बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत अर्ज, अर्जाला टाचलेले ओळखपत्र. त्यांना स्वतःच्या जन्माच्या नोंदीची नक्कल हवी होती.

“कशासाठी, ताई?” काकांनी विचारले, कारण अर्जात तो रकाना रिकामा होता.

“भावासाठी. तो तिकडे आश्रयगृहात आहे. बोलत नाही, नळीने खातो. मी म्हटलं, घरी नेते, माझ्याकडे राहील. तर ते म्हणतात, रक्ताच्या नातेवाइकाचीच सही चालेल. मी सख्खी बहीण आहे हो. पण मला लहानपणी दुसऱ्या घरी दिलं. नाव बदललं, आडनाव बदललं. आमच्या आई म्हणायच्या, जन्माच्या नोंदीतच बाजूला नवं नाव, सगळं लिहिलंय.”

काकांनी वही, वर्ष आणि तारीख यांवरून पान काढले. पडद्यावर नोंद आली. मधले रकाने कोरीव स्वच्छ होते: मुलगी, जन्मवेळ, वडील, आई, राहण्याचे ठिकाण. डाव्या समासात चार तिरक्या ओळी होत्या. ओल्या अक्षरांवरून कोणी बाही फिरवावी तशा त्या फरफटलेल्या होत्या. काकांनी मोठे केले, तसे त्यांचे डाग झाले. लहान केल्यावर पुन्हा ओळी दिसू लागल्या, पण अक्षर लागेना.

पुढचा दीड तास त्यांनी जे जे करता येते ते केले. गडद केले, फिकट केले, उलटे केले. अलीकडचे आणि पलीकडचे पान काढून त्याच कारकुनाचे हस्ताक्षर शोधले. मीही पाहिले, मला एक तारीख वाटली, काकांना तेथे ‘दत्तक’ वाटले, आणि दोघांनाही तसे वाटावेसे वाटत होते हेच त्या वाचनाविरुद्धचे मोठे कारण होते. न्यायालयात मी फोन लावला. त्या काळातली दत्तकाची कागदपत्रे मुदत संपून नष्ट केलेली होती. कागद कारखान्याला फोन लावण्यात अर्थ नव्हता.

“भाऊ,” बाई म्हणाल्या, “फोटो तुम्हीच काढलाय ना? म्हणजे पान तुमच्यासमोर होतं.”

“होतं.”

“मग तुम्ही पाहिलं असेल.”

“पाहिलं होतं, ताई. वाचलं नव्हतं.”

मग काकांनी खालचा खण उघडला आणि ते चार जुने छाप काढले. कोऱ्या नमुन्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात छापखान्याची एक बारीक ओळ असते: नमुना क्रमांक, प्रतींची संख्या, वर्ष. ‘अनोळखी’ लेन्सच्या छापांत ती वाचता येत होती. कंपनीच्या लेन्सच्या छापांत तिचा काळसर दोरा झाला होता.

“हे तेव्हाही दिसलं होतं मला,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “म्हटलं, छपाईची ओळ आहे, ती कोण वाचतंय.”

बाईंना यातले काही कळण्याचे कारण नव्हते. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. आश्रयगृहात भेटीची वेळ दुपारपर्यंतच होती. “जे आहे ते तरी द्या,” त्या म्हणाल्या. “दाखवून बघते.”

अधीक्षक मॅडम वरून खाली आल्या, पडदा पाहिला, पुन्हा पाहिला. “आपण अंदाजाने लिहून देऊ शकत नाही, काका,” त्या म्हणाल्या, आणि यात त्यांची चूक नव्हती.

नक्कल छापून निघाली. प्रत्येक नकलेवर एक शिक्का मारावा लागतो: ‘अस्सल बरहुकूम नक्कल’, म्हणजे मुळात जसे होते तंतोतंत तसे. काकांनी शिक्का शाईला लावला आणि श्वास रोखला, खटक्याच्या वेळी रोखत तसा. मग शिक्का उमटवला. त्याखाली पेनाने दोन शब्द लिहिले आणि सही केली. एकतीस वर्षांत शिक्क्याखाली त्यांनी स्वतःचे काही लिहिल्याची ही एकच नोंद मला आढळली.

बाईंनी कागद लांब धरून वाचला. “भाऊ, हे ‘समास सोडून’ म्हणजे काय?”

काकांनी त्या चार फरफटलेल्या ओळींवर बोट ठेवले. “हे सोडून, ताई. बाकीचं सगळं खरं आहे.”

“पण मी तर तिथंच आहे,” त्या म्हणाल्या.

बाईंनी कागदाची घडी घातली, घडी समासावर येणार नाही अशी, आणि तो पिशवीत उभा ठेवून त्या जिन्याकडे गेल्या.