आधी शिक्का, मग बायको

एनेइदा पिती आणि मी बरोबरीच्या. बोकेते या आमच्या डोंगरातल्या गावात एकाच गल्लीत वाढलो, एकाच वर्षी दोघींची लग्नं झाली. तिचा रुबेन लवकर गेला आणि मागे एक जुनी मिनीबस ठेवून गेला. विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. चाळिशी उलटलेली बाई, स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. पण एनेइदाने बस विकली नाही. फुटबॉलच्या मैदानात ती गाडी चालवायला शिकली. गोलच्या खांबाला तिने दिलेल्या धडकेची खूण अजून आहे.

पुढे आमच्या डोंगरात परदेशी लोक राहायला येऊ लागले. कुणाला हवा आवडली, कुणाला कॉफी, कुणाला स्वस्ताई. त्यातले बरेच जण पर्यटक म्हणून यायचे आणि मुदत संपत आली की पासो कानोआसला जाऊन सीमा ओलांडायचे. पलीकडे कोस्टा रिकात थोडं थांबायचं, परत यायचं, पासपोर्टवर नवा शिक्का घ्यायचा, की पुढचे तीन महिने निवांत. या मंडळींना नेण्या-आणण्याचं काम एनेइदाने धरलं. सकाळी माझ्या खानावळीसमोर बस उभी राहायची. माणसं ओहाल्द्रा, म्हणजे आमची तळलेली फुगीर पोळी, खात, कॉफी पीत जमायची आणि एनेइदा सगळ्यांची खेचत बसायची.

"पुन्हा आलात होय? अहो, एवढे पर्यटक आहात, आता गाव तरी बघून झालं का?"

कायमचं राहायचे काय काय मार्ग आहेत, ते लोक तिलाच विचारायचे. पेन्शन असेल तर असं, पैसे गुंतवायचे असतील तर तसं, ती भराभरा सांगायची. एका मार्गाचं नाव मात्र तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. लग्न.

त्याला कारण होतं. तिच्या धाकट्या बहिणीने, निदियाने, एका परदेशी माणसाशी लग्न केलं होतं. लग्नामुळे त्याला राहायचं कार्ड मिळालं आणि वर्षभरात गडी तिला सोडून किनाऱ्यावर राहायला गेला. निदिया खचली ती खचलीच. त्या माणसाला आमच्या गावात पहिल्यांदा आणलं होतं एनेइदाच्याच बसने. हे ती स्वतः कधी बोलायची नाही, पण मला ठाऊक होतं.

जोरिस आला तो असाच, ओहाल्द्रा खाणाऱ्यांच्या घोळक्यात. बेल्जियमचा, साठीकडे झुकलेला, उंच आणि जरा वाकलेला. एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. कारखाना बंद पडला, बायको आधीच वेगळी झाली होती, आणि हा पृथ्वीच्या या टोकाला येऊन भाड्याच्या खोलीत राहत होता. बोलायचा कमी. बसमध्ये तो नेहमी पुढच्या सीटवर, एनेइदाच्या शेजारी. एकदा वाटेत बसचा पट्टा तुटला तर त्याने कुणाला न विचारता बाह्या वर केल्या आणि बस चालू करून दिली. त्यानंतर ती सीट दुसऱ्या कुणाला मिळालीच नाही.

"यारिएला," एनेइदा मला एकदा म्हणाली, "हा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो ना, तेव्हा डोळे मिटतो."

"आणि तू काय करतेस?"

"मी रस्त्यावर बघते. कुणीतरी बघायला हवं."

पण ती लाजली होती. या वयात, अशी बाई, आणि लाजली. मी त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या कॉफीत दोनदा साखर घातली.

मग ती फेरी आली. पासो कानोआसच्या खिडकीतल्या साहेबाने जोरिसचा पासपोर्ट पुढून मागे, मागून पुढे चाळला आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, तुम्ही पर्यटक नाही आहात, तुम्ही इथे राहताय. या वेळी सोडतो. पुढच्या वेळी कागद करून या."

परतताना बाकीची माणसं बाजारासाठी दाविद शहरात उतरली. बसमध्ये दोघंच उरली. चढण सुरू झाली आणि जोरिस म्हणाला, "एनेइदाबाई, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

तिने बस कडेला घेतली. तिने हे मला इतक्यांदा सांगितलंय की मी मागच्या सीटवर होते असं मलाच वाटतं.

"तुम्हाला बायको हवी की शिक्का?"

तो विचार करून म्हणाला, "दोन्ही."

दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता. एनेइदाने हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "खरं बोललात म्हणून खाली उतरवत नाही. आधी शिक्का मिळवा. दुसऱ्या वाटेने. मग बायको मागा. तेव्हा मला कळेल काय हवं होतं ते."

ही गोष्ट गावात पसरायला दुपारही लागली नाही. मी कुणाला सांगितलं नाही, फक्त बेकरीवालीला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात एनेइदाच त्याला दाविदला वकीलबाईकडे घेऊन गेली. नकारही हिचाच आणि गाडीही हिचीच. मीही गेले, म्हटलं बाजार करायचाय. बाजार कसला, मी त्या खोलीत खुर्ची पकडून बसले.

वकीलबाई किंतेरो चटपटीत. पेन्शन? होती, पण नियमाला पुरेल इतकी नव्हती. घर विकत घेणार? त्याची ऐपत नव्हती. जंगल लावण्यात पैसा घातला तरी चालतं, सागाची झाडं लावतात लोक.

"साग मोठा होईपर्यंत मी राहीन का?" जोरिसने विचारलं.

"तुम्ही नाही राहिलात तरी झाडं राहतील," एनेइदा म्हणाली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यात सोपं म्हणजे लग्न. इथली कुणी ओळखीची आहे?"

"आहे," जोरिस म्हणाला. "तिने नकार दिलाय."

"का बरं?"

"तिला अक्कल आहे म्हणून," एनेइदा छताकडे बघत म्हणाली.

वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी हसू दाबत शेवटची वाट सांगितली. बेल्जियम हा मित्रदेशांच्या यादीतला देश. तिथल्या माणसाला इथल्या एखाद्या कंपनीने रीतसर नोकरी दिली तर त्याला दोन वर्षांचं तात्पुरतं कार्ड मिळतं आणि पुढे कायमचं. फक्त नोकरी हवी. आणि साठीच्या माणसाला नोकरी देणार कोण?

एनेइदाने पुढचे दिवस कसे काढले ते मी पाहिलंय. फेरी संपली की रिकाम्या बसमधून ती त्याला मळ्यामळ्यांवर घेऊन जायची. "याला मशिनं कळतात" एवढंच सांगायची. सगळ्यांनी कॉफी पाजली, नोकरी कुणी दिली नाही. जोरिसची मुदत सरत चालली होती. गाव दोन तटांत विभागलं होतं. माझ्याकडे जेवायला येणारी निम्मी माणसं म्हणायची, करून टाक की लग्न. निम्मी म्हणायची, ठाम राहा.

मग ऐन तोडणीत लेओनिदास सेरासीनच्या मळ्यावरचं कॉफी वाळवायचं मोठं पिंप बंद पडलं. बाहेर बाखारेके सुरू, आमच्याकडची ती न थांबणारी भुरभुर, इंद्रधनुष्यासकट. उन्हात पसरावी तर ऊन नाही, ठेवावी तर ओली कॉफी आंबणार. दुरुस्तीची माणसं राजधानीतून यायची होती आणि सगळ्या मळ्यांना एकाच वेळी हवी होती. सेरासीनचा फोन माझ्या खानावळीत आला, "तो एनेइदाचा परदेशी कुठाय?"

एनेइदाने जोरिसला पुढच्या सीटवर बसवून बस इतक्या जोरात वळवली की मागची टोपली माझ्या अंगणात पडली. तिला नंतर आठवलं की आत तीन प्रवासी बसले होते. तेही मळ्यावर गेले.

जोरिसने पिंपाला कान लावला, डोळे मिटले. मग दिवसभर तो त्या यंत्राच्या पोटात होता. एनेइदा पाने-पकडी देत होती, ते तीन प्रवासी ताडपत्र्या धरून उभे होते. मी सांकोचोचं, कोंबडीच्या रश्श्याचं, पातेलं घेऊन पोचले तेव्हा पिंप घरघरलं, अडलं, आणि फिरायला लागलं. तोडणीवाल्या बायकांनी टोपल्या वाजवल्या. सेरासीन म्हणाला, "हे यंत्र म्हातारं आहे. याच्याजवळ रोज कुणीतरी हवं."

"पण रीतसर," एनेइदा मध्येच म्हणाली. "करार करून, विम्यासकट. नाहीतर हा चालला."

सेरासीन हसला. "नोकरी याला देतोय की तुला?"

कागद गेले, वकीलबाईंनी धावपळ केली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जोरिसचं कार्ड आलं. मी सगळ्यांना फुकट कॉफी पाजली. एनेइदाने केस रंगवले. आता हा विचारणार, म्हणून सगळं गाव श्वास रोखून बसलं.

त्याने विचारलं नाही.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. तो कामावर जायचा, संध्याकाळी तिच्या घरी येऊन बसची देखभाल करायचा, नमस्कार करून निघायचा. एनेइदाचं बोलणं कमी झालं. एका सकाळी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "निदियाचं झालं तेच. कार्ड मिळालं, संपलं. बरं झालं मी हो म्हटलं नाही." आणि ओहाल्द्राचे तुकडे करत राहिली, खाल्ला एकही नाही.

माझं डोकंच फिरलं. जोरिस रस्त्याने चालला होता, त्याला हाक मारून आत घेतलं. "काय हो, हिला विचारणार आहात की नाही?"

तो गोंधळला. खिशातून कार्ड काढून त्याने तिच्यापुढे ठेवलं, एका शब्दावर बोट टेकवलं. "हे तात्पुरतं आहे. कायमचं दोन वर्षांनी. तुम्ही म्हणालात आधी शिक्का. मी थांबलोय."

एनेइदाने कार्ड उचललं, वाचलं, परत ठेवलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

"दोन वर्षं थांबणार होतात?"

"हो."

"आणि मी मध्येच मेले असते तर? माणूस असतोच तात्पुरता, जोरिस. मला चालेल. विचारा आता."

त्याने विचारलं. माझ्या खानावळीत, तव्यावर तेल जळत असताना.

लग्न दाविदच्या कोर्टात झालं. बस तिनेच चालवली, नवरदेव पुढच्या सीटवर, आम्ही मागे गात. निदिया साक्षीदार होती. सही करताना तिचा हात जरा थांबला, मग तिने झोकात सही केली.

दोन वर्षांनी कायमचं कार्ड आलं. जोरिसने ते विजेच्या बिलांबरोबर खणात टाकलं आणि सांगायला विसरला. एनेइदाला ते आठवड्यानंतर सापडलं, ती कात्री शोधत होती तेव्हा.