आधी पाणी

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या जीपचा ड्रायव्हर कुठल्याही गावात उतरला की आधी पाणी मागतो. खुलताबादच्या डोंगरातल्या ज्या गावात आमचं काम चालायचं, तिथं दुष्काळात आठवड्यातून एकदाच टँकर यायचा, म्हणून मी स्वतःची बाटली न्यायचो. गावावर भार नको, एवढाच माझा विचार. हा मात्र गावातल्या एका मावशींच्या ओट्यावर बसायचा, तांब्या उंच धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा आणि विचारायचा, "औंदा डोंगरावर कोणतं गवत आलं, मावशी?"

जैवविविधता हा शब्द त्याला धड उच्चारता येत नाही. मी तासभर पडद्यावर चित्रं दाखवली, तर लोक जांभया देत बसले. डोंगरावर दोन वर्षं चराई बंद ठेवायचं त्यांनी कबूल केलं ते त्याच्यापाशी. अहवालात नाव माझंच गेलं, तरी परतताना तो शीळ घालायला लागला की माझ्या पोटात दुखायचं.

गेल्या महिन्यात तो रजेवर होता. मी एकटाच गेलो, ओट्यावर बसलो आणि अगदी त्याच्यासारखं पाणी मागितलं.

मावशींनी माझ्या हातातल्या बाटलीकडं पाहिलं.

"तुमच्यापाशी हाय की, सर," त्या म्हणाल्या. "त्यो कवा येणार?"