चाळीस नग आणि एक पेटी

सातासमुद्रापलीकडच्या चँडलर गावातल्या मराठी मंडळींत गुरुनाथ परुळेकरांना सगळे गुरुकाका म्हणत, आणि त्यांच्या पाठीमागे थोडं हसतही. कारण काकांचा छापील आकड्यावर काडीचा विश्वास नव्हता. तेलाची बाटली आणली की ती आधी मापानं मोजून बघणारा हा माणूस. चिप बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली, आणि रिटायर झाल्यावर ती खोड सरळ घरी आणली. मीनाक्षीकाकू म्हणून त्यांच्यापाशी टिकल्या, दुसरी कुणी असती तर पहिल्याच वर्षी पळून गेली असती.

२००२ साली काकूंना स्ट्रोक आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून बॅटरीवरची मोठी चाकांची खुर्ची आली, आणि घराबाहेर एकही मुक्काम झाला नाही. काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन वाळवंटात आल्या, पण दर वर्षी सॅन डिएगोला जाऊन समुद्रात पाय बुडवल्याशिवाय त्यांचं वर्ष पुरं व्हायचं नाही. आता चार वर्षं ते राहिलं होतं. खुर्चीची घडी होत नाही, हॉटेलांतल्या मोऱ्यांची दारं अरुंद. काकू तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. टीव्हीवर समुद्र दिसला की चॅनेल बदलायच्या, एवढंच. काका ते बघायचे आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे.

२००६ च्या फेब्रुवारीत काकांना टॉय हॉलरचा, म्हणजे आपल्या ट्रकमागे ओढून न्यायच्या घरवजा ट्रेलरचा, शोध लागला. पुढे बिछाना, शेगडी, मोरी. मागे वाळूत फिरवायच्या मोटरसायकली, म्हणजे तिथल्या भाषेत 'खेळणी', ठेवायला मोकळी जागा, आणि मागची अख्खी भिंत खाली उतरून उतार होतो. त्या उतारावरून खुर्ची सरळ आत जाईल हे काकांच्या डोक्यात आलं, आणि ते शेजारच्या मेसा गावातल्या एका दुकानात जाऊन धडकले.

सेल्समननं हात चोळत विचारलं, यात कुठली खेळणी ठेवणार?

"बायकोची खुर्ची," काका म्हणाले. तो बिचारा हसावं की नाही या पेचात पडला.

काकांच्या ट्रकला ओढवेल असा एकच ट्रेलर तिथं होता. सेल्समन म्हणाला, आत चोवीसशे पौंड सामान बसतं, काळजीच नको. झालं. काका गुडघे टेकून दारामागचं स्टिकर वाचायला बसले. मग उठून त्यांनी त्या पोराची शिकवणीच घेतली. चोवीसशे हे टाक्या रिकाम्या असतानाचे. टाकी भरली की पाण्याचेच पाचशे ऐंशी गेले. जनरेटर, त्याचं पेट्रोल, बॅटऱ्या, गॅस मिळून पाचशे वीस. खुर्ची तीनशे. उरले हजार. पाणी कमी घ्यावं तर वाटेत सगळं वाळवंट, आणि वजन जास्त घ्यावं तर सॅन डिएगोच्या वाटेवर एल सेंट्रोनंतरचा घाट.

"बाकी सामान हजारात बसलं तर शनिवारी घेतो," काका म्हणाले, आणि घरी येऊन बाथरूममधला वजनकाटा त्यांनी स्वयंपाकघराच्या मधोमध मांडला.

पद्धत सोपी होती. एकेक नग हातात घेऊन काका काट्यावर उभे राहायचे आणि आकडा ओरडायचे. त्यातून काकांचं स्वतःचं वजन, एकशे बावन्न, वजा करून काकू उजव्या हातानं वहीत उतरवायच्या. कुकर, तवा, पोळपाट, खलबत्ता, पांघरुणं, औषधांचा खोका, चादरी, उशी. आणि पेटी. काकूंची पेटी चांगली वाजायची. डावा हात गेल्यावर भाता ओढता येईना, तेव्हापासून काका शेजारी बसून भाता ओढायचे आणि काकू उजव्या हातानं वाजवायच्या. भाता ओढताना काकांचा ठेका चुकायचा, काकू रागवायच्या, आणि तरी संध्याकाळची ती बैठक कधी मोडली नव्हती.

चाळीस नग झाले. काकूंनी बेरीज केली. तेराशे.

"काहीतरी कमी करायला हवं," काका म्हणाले.

काकूंनी खलबत्ता खोडला, तवा खोडला. मोठं पातेलं, पुस्तकं, काकांची घडीची खुर्ची, सगळं खोडलं. तरी दोनशे जास्तच. मग त्यांनी कुणाला न विचारता पेटीवर रेघ मारली. ती रेघ काकांनी बघितली.

"नाही बसत गं यात," ते काट्याकडे पाठ फिरवून म्हणाले. "मोठा ट्रेलर आपल्या ट्रकला ओढवायचा नाही. उद्या त्या सेल्समनला फोन करून कॅन्सल करतो."

"करा," काकू म्हणाल्या. "समुद्र काय, बघितलेलाच आहे."

हे त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की काकांना रडूच आलं असतं. काकूंनी मात्र वही मिटली नाही. आणखी काही खोडता येतंय का, म्हणून त्या यादी पुन्हा वाचत राहिल्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"अहो, उशी तेरा पौंडांची?"

"असेल."

"कापसाच्या उशीत दगड भरलेत का? काट्यावर उभे राहा बघू. हातात काही घेऊ नका."

काका चिडले. तीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाला कुणी असं सांगतं का? पण उभे राहिले. काटा एकशे त्रेसष्टवर येऊन थांबला.

जगातला प्रत्येक आकडा तपासणाऱ्या काकांनी स्वतःचा तेवढा तपासला नव्हता. एकशे बावन्न हा चार वर्षांपूर्वी डॉक्टरांकडे लिहिलेला आकडा. त्यानंतर दवाखान्याच्या सगळ्या खेपा काकूंच्याच झाल्या. काकूंनी तोंडीच हिशोब केला. दर नगामागे अकरा, असे चाळीस नग. तेराशेतून चारशे चाळीस गेले. पेटीसकट, खलबत्त्यासकट सगळं बसत होतं, वर एकशे चाळीस पौंड शिल्लक!

काकू इतक्या हसल्या की खुर्ची हलली. "अकरा पौंड! माझ्याबरोबर पथ्याचं जेवून? चोरून काय खाता तुम्ही?"

काका काट्यावरच उभे, शाळेतल्या मुलासारखे. "चोरून नाही. मी स्वयंपाक करायला लागलो तेव्हा पोळ्या बिघडायच्या ना सुरुवातीला. जळलेल्या, कच्च्या. चांगल्या चार तुझ्या ताटात आल्या की उरलेल्या टाकवायच्या नाहीत. मग तूप लावून खायचो. तीच सवय राहिली."

काकूंचं हसू थांबलं. या घरात आपल्या ताटात जळकी पोळी कधीच आली नव्हती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. नवऱ्याचा हात मुळातच चांगला आहे, असं त्या चार वर्षं समजत होत्या आणि मैत्रिणींना सांगतही होत्या.

त्यांनी पेन उचललं आणि खोडलेल्या ओळीशेजारी पुन्हा ठळक 'पेटी' लिहिलं.

"त्या माणसाला फोन करा, ट्रेलर आपला म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "आणि आजपासून बिघडलेली पोळी अर्धी माझी."