बेड नंबर सहाची सुट्टी

आधीच सांगते, मी असल्या भानगडींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा पाठ असतात आणि लिंबू फक्त वरणात पिळतात. तरीही लिहितेय... कारण कुणाकडे उत्तर असेल तर हवंय. मला सापडलेलं नाही.

२०१४ची गोष्ट. गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात मी आरोग्यमित्र होते. म्हणजे सरकारी विमा योजनेतून ज्यांचं ऑपरेशन फुकट व्हायचं, त्यांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरणारी. जिन्याखाली माझी खोली, खिडकी नाही. वेबसाइट तर अशी की दर दहा मिनिटांनी आपल्याला हाकलून देणार, पुन्हा पासवर्ड टाका, पुन्हा सगळं भरा. ही सिस्टीम बदला म्हणून मी वर तीनदा लिहिलं होतं. कोण ऐकतो!

धान कापणीचे दिवस होते. सकाळी देवरीकडचा तुळशीराम बायकोला, सुनीताला, घेऊन आला. तिच्या पोटात गाठ होती आणि गाठीला पीळ पडला होता. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं नाही तर बाई हातची जाईल. पण मुंबईहून ऑनलाइन मंजुरी आल्याशिवाय दवाखाना टेबलावर घेणार नव्हता. मी रेशनकार्ड मागितलं. त्यावर सुनीताचं नावच नाही!

“काऊन नाही?” मी खेकसलेच.

“तहसीलीत अर्ज देला होता जी. चार सालं झाले, नाव काही चढलं नाही,” तुळशीराम म्हणाला. “कार्डावर पयलीचं आहे, फुलवंताचं. तिले मरून सात सालं झाले.”

मेलेलीचं नाव उतरत नाही, जितीचं चढत नाही. कार्डावर नाव नसेल तर अर्जच पुढे सरकायचा नाही. अशा वेळी आम्ही काय करायचो ते कबूल करते – कार्डावरचं जुळतं नाव निवडायचं आणि पेशंटला बजावून ठेवायचं, कुणी विचारलं तर हेच नाव सांगा. सगळेच करायचे. मी सुनीताला फुलवंता केलं.

मग बेडवरचा फोटो लागतो. बेड नंबर सहा. मी कॅमेऱ्यावर फोटो काढला, स्क्रीनवर बघितला – सुनीताच. दाताखाली पदर धरून पडलेली. खाली येऊन तो अपलोड केला. पान उघडलं...

बाई दुसरीच होती.

बेड तोच, सलाईन तेच, पण चेहरा बारीक, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. सुनीताला गोंदण नाही. मला वाटलं, जुन्या पेशंटचा फोटो चढला. पुन्हा वर जाऊन काढला, पुन्हा अपलोड केला. तीच बाई. तिसऱ्यांदाही तीच, आणि या वेळी ती सरळ माझ्याकडे बघत होती.

तुळशीराम सही करायला आत आला होता. त्याने स्क्रीन बघितली आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

“हे तं फुलवंता होय जी...”

“तिचा फोटो कुठे दिला होता का तुम्ही?”

“फोटो कायचा? एकपण नाही निघाला तिचा.” “इथंच आणलं होतं तिले, गोंदियाले. तवा कागदावर शिक्के लागत. साहेब आले नाही म्हणून बाहेर बाकावर बसवलं. सोनोग्राफी आहे, उपाशी ठेवा म्हणे. दोन दिवस उपाशी ठेवलं जी मी तिले. नंबर आलाच नाही. बाकावरच गेली.”

वरून सिस्टर ओरडली, “मॅडम, अप्रूवल आया क्या? पेशंट का बीपी गिर रहा है!”

पाठवावं तर मेलेल्या बाईचा फोटो सरकारला जाणार. न पाठवावं तर सुनीता जाणार. दार लोटलेलं, समोर तो चेहरा, आणि कोपऱ्यात सेकंद मोजणारं घड्याळ – पान बंद व्हायला एक मिनिट. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

ज्या मंजुरीला आख्खा दिवस लागायचा, ती वीस मिनिटांत आली. सुनीता वाचली.

आठव्या दिवशी सुट्टी. सुट्टीचाही फोटो लागतो. सुनीता गाठोडं घेऊन बेडजवळ उभी, हसत होती. अपलोड केला. पानावर सुनीता नव्हतीच. फुलवंता बेडवर पडून होती. दुसऱ्या दिवशी मुंबईचा शेरा आला – “रुग्ण अद्याप बेडवर दिसतो. डिस्चार्ज नामंजूर.” सुनीता घरी गेल्यावर रिकाम्या बेडचा फोटो टाकून पाहिला. पुन्हा तोच शेरा. सपोर्टवाल्याला फोन केला, तो म्हणाला, जुनी सिस्टीम आहे मॅडम, असं होतं.

पुढे खरंच नवीन सिस्टीम आली. अंगठा, कार्ड, सगळं झकास. जुन्या केसेस त्यात आणल्या. माझ्या पानावर पेंडिंग एकच दिसते, आजही – बेड नंबर सहा, फुलवंता. आता ‘केस रद्द करा’ असं बटणही आहे. कितीदा माउस तिथे नेला. पण रद्द करायचं म्हणजे ही बाई कधी आलीच नव्हती असं म्हणायचं... बाकावरून तिला एकदा तसंच घालवलं होतं. माझ्याच्याने होत नाही. खोटं नाव मी टाकलं, तिला तिथे मीच अडकवलं, आणि तिच्यासोबत मीही अडकलेय. नोकरी बदलायचे दोन चान्स आले, सोडून दिले. माझ्यानंतरचा माणूस पहिल्याच दिवशी ते बटण दाबेल.

कुणी म्हणतं सर्व्हरची गडबड, कुणी म्हणतं तुझ्या मनाचे खेळ. असेल. पण जिचा फोटोच कधी निघाला नाही, ती सर्व्हरवर आली कुठून? आणि माझ्या मनाचे खेळ असतील, तर तुळशीरामने तिला कसं ओळखलं?

दरवर्षी कापणी झाली की तो सुनीताला तपासायला आणतो. ती बाहेर बसते, तो जिन्याखाली येतो.

“सुट्टी झाली का जी तिची?”

“नाही झाली.”

तो मान हलवतो. दारापर्यंत जाऊन मागे वळतो.

“बरं. जेवण तं देऊन राहिले ना तिले?”

मी हो म्हणते.