शेवटच्या कडव्याची जागा

पुस्तक छापून आलं की त्याची पानं कुणीही मोजेल, पण ते करताना साठलेले किस्से कुठल्या पानावर घालायचे? आमच्या स्वामी सरांनी झरीच्या महादेवाच्या देवळातली जुनी पदं स्वरलिपीसकट छापायला घेतली, तेव्हापासून आमच्याकडे किश्शांचं गोदाम झालंय. सर परभणीत संगीत शिकवून रिटायर झालेले. मी त्यांचा जुना विद्यार्थी, एरवी बँकेत. रविवारी त्यांचा ड्रायव्हर आणि रेकॉर्डिंगवाला.

*

देवळात ही पदं गाणाऱ्या शांताअक्का, वयानं ऐंशीच्या पुढे. एकच पद त्यांनी तीनदा गायलं आणि तीन चाली निघाल्या. सरांनी हळूच विचारलं, "अक्का, यातली खरी कोणती?"

"कवा म्हणायची त्याच्यावर हाय."

सरांनी तिन्ही चाली छापायचं ठरवलं. वर पदाच्या दोन ओळी, खाली पानभर तळटीपा. मी म्हटलं, "सर, हे वाचणार कोण?"

"ज्याला चौथी चाल येते तो. भांडायला येईल बघ."

*

गंगाखेडच्या एका घरात याच पदांचं हस्तलिखित बाड आहे. घरातल्या काकू त्याची पूजा करतात. त्यामुळे तालाच्या खुणा कुठल्या आणि कुंकवाचे ठिपके कुठले, काही कळेना. सर दुपारभर भिंग लावून मात्रा मोजत होते. ठेका काही बसेना.

शेवटी काकू चहा घेऊन आल्या आणि वाकून बघत म्हणाल्या, "ह्यो ठिपका परवा नातीच्या वाढदिवसाचा हाय."

एक मात्रा कमी केली आणि ठेका बसला.

*

सरांचा जीव निरोपाच्या पदात अडकलेला. सगळ्यात जुनं तेच, असं त्यांचं मत. म्हणून एका रविवारी त्यांनी ते आधी गायला सांगितलं. अक्कांनी गायलं, टाळ पिशवीत घातले आणि उठल्या. "निरोपाचं झालं की गाणं संपलं. आता फुडल्या आइतवारी या."

परभणीहून आणलेल्या तबलजीनं तोवर तबल्याचं कव्हरही काढलं नव्हतं.

*

पुढच्या रविवारी ते पद शेवटी ठेवलं. अक्का चार कडवी गाऊन थांबल्या. बाडातही चारच होती, पण पाचवं आहे असं सरांनी ऐकलेलं.

"ते माणसं गेल्यावर देवाम्होरं एकटीनं म्हणायचं असतंय," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तुमच्यामागं ते जाईल हो."

"कशानं जातंय? माज्या सासूनं मला दिलं, मी सुनंला देईन."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, फोन चालू करून आत विसरून येऊ का?" सरांनी माझा फोन घेतला आणि परभणी येईपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवला. मला लाज वाटली.

*

प्रेसवाले रफिकभाई म्हणाले, "सर, निरोपाच्या चार कडव्यांखाली अर्धं पान कोरंच सोडायलाव? एक बियाण्याचे दुकानदार सगळी छपाई द्यायला तयार हायत. फक्त तिथं त्यांची जाहिरात पायजे."

सरांनी नकार दिला आणि घरचा एक तानपुरा विकून छपाई भागवली. सरांच्या पत्नी चिडल्या, तर सर म्हणाले, "दोन होते. गळा एकच आहे."

*

पुस्तक घेऊन आम्ही झरीला गेलो. अक्कांना वाचता येत नाही, म्हणून सर एकेक पान गाऊन दाखवू लागले.

"असं न्हाई हे." पुढचं पान. "हितं लय घाई केलाव." पुढचं पान. "ह्याच्यात जीवच न्हाई."

सरांचा चेहरा उतरत चालला. इतक्या वर्षांची मेहनत, वर तानपुरा गेलेला. मला अक्कांचा रागच आला. शेवटी निरोपाचं पद आलं. सर चार कडवी गाऊन थांबले.

अक्कांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. चार कडव्यांखालच्या कोऱ्या जागेवरून सावकाश हात फिरवला.

"हे बरोबर उतरलंय," त्या म्हणाल्या.