फॉरवर्ड पाहायला सोनईला गेलो

आधी चहा येऊ द्या. हा किस्सा कोरड्या घशानं सांगता येत नाही, कारण यात शहाणा म्हणून जो मिरवतो तो मी, आणि शेवटी ज्याची फजिती होते तोही मीच. मध्ये एक गोरा साहेब आहे, एक नारळ आहे आणि सोनईचं एक अख्खं घर आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला होतो. नगरला तेव्हा केबल नवीन नवीन आलेली, आणि आमच्या शेजारच्या केबलवाल्याकडं दुपारी एक अजब खेळ लागायचा. लांबुळका चेंडू, बिनबाह्यांच्या बंड्या घातलेले धिप्पाड गडी, हातानंही खेळायचं, पायानंही खेळायचं, आणि वाटलं तर समोरच्याच्या पाठीवर चढायचं. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बघितला होता, एवढं खरं.

नेमका त्याच वर्षी मशीन बसवायला आमच्याकडं ऑस्ट्रेलियाचा ग्लेनसाहेब आला. मी कॅंटीनमध्ये सहज म्हणालो, "युवर फुटबॉल, आय सी. व्हेरी गुड." झालं. त्या माणसाचे डोळेच भरून आले. चौथ्या दिवशी कंपनीमागच्या माळावर भंगारातल्या पाइपांचे खांब रोवले गेले, ट्रंकेतून चेंडू निघाला, आणि मला टीमचा निवड अधिकारी करण्यात आलं. नाही कशाला म्हणायचं, मला सांगा?

अडचण एकच होती. टीमला पुढचा माणूस नव्हता. म्हणजे कसं, या खेळात एक उंच गडी गोलाजवळ उभा असतो. बाकीच्यांनी लांबून चेंडू उडवायचा, यानं उडी मारून तो वरच्या वर झेलायचा आणि मग निवांतपणे लाथ मारून खांबांमधून पार करायचा. साहेब त्याला 'की फॉरवर्ड' म्हणायचा, आमचे कामगार त्याला मधला खांब म्हणायचे. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीत साहेबाचे देशवाले दोस्त होते, त्यांच्याशी मॅच ठरली होती. मी छाती पुढं काढून सांगितलं, "साहेब, डोन्ट वरी. मी पोरगा शोधतो. माणूस पारखावा तर मीच."

हे बोलणं आमच्या आईच्या कानावर गेलं असतं तर ती हसून हसून खाली बसली असती. वडील गेल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीचं, मंगलचं लग्न जमवणं माझ्याच अंगावर होतं. मंगल बी.कॉम. झालेली, जिभेनं तिखट. बघायला आलेल्या मुलांना असे काही प्रश्न विचारायची की पोरं अर्धे पोहे टाकून उठायची. आणि ती बघायला येणारी पोरं मीच पारखून आणलेली असायची.

आमच्या खात्यातला पोपट सोनईचा. तो म्हणाला, "आमच्या आळीला सुदाम म्हनून पोरगा हाय. ताडमाड उंच. कडब्याची गंज रचतो. खालून चार जन पेंढ्या फेकत्यात, ह्यो वर उभा ऱ्हाऊन एकटा झेलतो. एक पेंढी खाली पडत न्हाई."

मला हवा तो हाच. रविवारी सकाळी सफारी घातला, भांग पाडला आणि निघालो. आईनं दारातच अडवलं.

"मंगलसाठी मुलगा बघायला जा म्हटलं की तुला ड्यूटी असते. आणि त्या गोऱ्यासाठी मुलगा बघायला बरा रविवार सापडला."

"आई, हे कंपनीचं काम आहे."

"मग तुझ्या बहिणीचं काम काय दुसरी कंपनी करणार आहे?"

मी स्कूटर बाहेर काढली. आता चेंडूचं सांगतो. साहेबाकडं चेंडू एकच, आणि तो उशाशी घेऊन झोपायचा. मला देईना. मग पोराचे हात कशावर तपासायचे? मी डोकं चालवलं. स्टँडवरून एक चांगला मोठा नारळ घेतला. आकार साधारण तसाच, झेलायला उलट अवघड.

तर बघा. रविवारची सकाळ, स्कूटरवर दोन माणसं, मी सफारीत, पोपट धुतलेल्या टोपीत, आणि पिशवीत नारळ. नगर जिल्ह्यात कुणालाही काय वाटेल? तुम्हाला कळलं. मला कळलं नाही.

सुदामचे वडील तात्या ओसरीवर बसले होते. पाणी आलं, चहा आला. मग तात्यांनी विचारलं, "पाव्हनं, मामाचं गाव कंचं?"

"श्रीगोंदा."

"म्हंजी आमच्या धाकल्या चुलतीकडून तुमी नात्यातच निगाला की."

नवख्या माणसाला मामाचं गाव सगळीकडंच विचारतात, त्यामुळं मला काही वावगं वाटलं नाही. मी सरळ मुद्द्यावर आलो. म्हणालो, "मुलगा बघायला आलोय." आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. पाच मिनिटांत आळीतली चार वडीलधारी माणसं ओसरीवर येऊन बसली. मी मनात म्हटलं, खेळाची आवड असलेलं गाव आहे.

सुदाम बाहेर आला तो दाराची चौकट चुकवत वाकूनच. मान खाली, ओठांवर बारीकसं हसू. मी त्याला भिंतीला उभं करून उंची बघितली. हात वर करायला लावले. तळहात दाबून बघितले. मग म्हणालो, "त्या विहिरीपर्यंत पळून या."

तो पळून आला. त्याची आई दाराआडून शेजारणीला म्हणाली, "लई चौकस लोक हायेत बाई. आपन पोरी बघायला जातो तर नुसतं चालून दाखव म्हनतो."

"व्यसन काही?" मी विचारलं.

"सुपारीचं खांड न्हाई खात," तात्या म्हणाले.

"स्वभाव कसा?"

"गाय हाय, गाय."

"तसं चालणार नाही," मी म्हणालो. "आमच्याकडं थोडा अंगात जोर लागतो. पहिल्याच दिवशी चार जण अंगावर धावून येतात. कुणी ढकलतं, कुणी खांद्यावर पाय देऊन चढतं. तिथं गाय होऊन भागायचं नाही."

ओसरीवरच्यांनी एकमेकांकडं बघितलं. तात्यांनी घसा साफ केला. "तुमच्या घरी किती जन हायेत?"

मला वाटलं टीमचं विचारताहेत. "अठरा लागतात, सध्या अकरा आहेत. हा धरून बारा."

"एकत्र हाय म्हनायचं," एक म्हातारे कौतुकानं म्हणाले. "आजकाल कुटं बगायला मिळतं."

"देन्याघेन्याचं काय?" तात्या जरा दबकत म्हणाले. "आमाला काई नको बरं का. आमच्यात घेत न्हाईत."

"तुम्ही कशाला काळजी करता? बूट, कपडे सगळं आमच्याकडून."

"फोटू आनलाय?" आतून आवाज आला.

आणला होता. साहेबाच्या मासिकातला फोटो, म्हटलं पोराला खेळ कळावा. त्यात एक ऑस्ट्रेलियन गडी इवल्याशा चड्डीवर हवेत उडालेला. फोटो आत गेला. मग कुजबुज ऐकू आली, "ह्यो थोरला भाऊ असंल. चड्डीवर का काडलाय फोटू?" आणि फोटो चुपचाप बाहेर आला. पोपटाकडं बघितलं तर तो पोह्यांत तोंड घालून बसलेला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं ठसका लागलाय.

आता शेवटची परीक्षा. मी पिशवीतून नारळ काढला. ओसरीवरचे सगळे सावरून बसले, बायका दारात आल्या. मी अंगणात गेलो आणि नारळ अंगातला सगळा जोर लावून वर फेकला. सुदामनं उडी घेतली, दोन्ही हात वर नेले आणि नारळ असा अलगद धरला की आवाज झाला नाही. मला तर रडूच यायचं बाकी होतं. काय हात होते हो.

"असा नारळ देताना म्या जल्मात बघितलं न्हाई," तात्या म्हणाले.

"नगरची पद्धत असंल," म्हातारे म्हणाले.

खरं म्हणजे तो लाथ कशी मारतो तेही बघायला हवं होतं. मी पुढं झालोही. पण नारळाला लाथ कोण मारणार? चारचौघांत तसं सांगायची माझी जीभ उचलेना. म्हटलं जाऊ दे, लाथ काय कुणालाही मारता येते. मी जाहीर केलं, "मुलगा पसंत आहे."

मग काय. साखर वाटली गेली. मला टॉवेल-टोपी मिळाली. सुदामच्या आईनं माझ्या सफारीच्या खिशात एक पेढा कोंबला. खेळाडूची निवड झाली की सोनईला असं करतात, हे मला नवीनच होतं. निघताना मी म्हणालो, "पुढच्या रविवारी नागापूरला पाठवा. तुम्हीसुद्धा या की सगळे. मैदानावरच आटोपून टाकू."

पुढचा रविवार. माळावर साहेब अर्ध्या चड्डीत शिट्टी घेऊन उभा. आणि धुरळा उडवत एक टेम्पो आला. टेम्पोत नऊवारीतल्या बायका, फेट्यातले पुरुष, हळदीकुंकवाची ताटं, एका ताटात हिरवी साडी. सगळ्यांच्या मधोमध सुदाम, नवा कोरा शर्ट, कपाळाला टिळा.

साहेबाला वाटलं, खेळाडूबरोबर त्याचे पाठीराखे आले. तो टाळ्या वाजवत टेम्पोकडं धावला आणि मावश्यांशी हात मिळवायला लागला. मावश्यांनी पदर तोंडावर घेतले.

तात्या उतरले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "पाव्हनं, पोरगी कुटं हाय?"

"कुठली पोरगी?" मी म्हणालो.

तो क्षण मला आजही आठवतो. नारळ, मामाचं गाव, साखर, फोटो, सगळं एका दमात माझ्या डोक्यात जुळलं. मी खांब दाखवले, चेंडू दाखवला, साहेब दाखवला. जसजसा सांगत गेलो तसतसा तात्यांचा चेहरा उतरत गेला. ते टेम्पोच्या फाळक्यावर बसले.

"घोडेगावचं स्थळ आमी परत धाडलं," ते हळू आवाजात म्हणाले. "गावात साखर वाटली. आता ह्यो टेम्पो घेऊन परत जाऊ कसा?"

मला फार वाईट वाटलं. चांगल्या माणसांना मी माळावर उघडं पाडलं होतं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण कुणी देईना. फक्त सुदाम शांतपणे पुढं आला आणि म्हणाला, "पाव्हनं, घरी च्या तरी पाजाल का? आई सकाळपास्नं उपाशी हाय."

नाही कसं म्हणणार? टेम्पो आमच्या दारात गेला. आईनं दार उघडलं आणि ताटं, साडी, फेटे बघून माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की मी नुसता आत पाणी आणायला पळालो. मंगलला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती पातेलं धरून हसत सुटली. मग डोळे पुसून स्वतःच चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली.

आता ही त्याला काय विचारते म्हणून माझा जीव मुठीत.

"का हो," ती म्हणाली, "या खेळात तुम्ही नक्की काय करायचं असतं?"

"ठाव न्हाई," सुदाम म्हणाला. "तुमच्या भावाला बी ठाव नसावं."

मंगल परत हसली. बघायला आलेल्या मुलापुढं तिला हसताना आईनं पहिल्यांदाच बघितलं. मग ती दोघं ओट्यावर बराच वेळ बोलत बसली. चहा गार झाला तरी कुणी हाक मारली नाही. आत आल्यावर मंगल मला एवढंच म्हणाली, "दादा, पहिल्यांदाच बरा मुलगा आणलास." हिरवी साडी तिथंच राहिली.

मला वाटलं सुटलो. पण मॅच राहिली होती ना.

पुण्याचे गोरे आले. आपली मंडळी लांबून चेंडू उडवत होती आणि सुदाम एकूण एक झेलत होता. साहेब नाचत होता. पण झेलला की सुदाम काय करायचा? कडब्याची पेंढी ठेवावी तसा चेंडू नीट टोक जुळवून जमिनीवर ठेवायचा, हात झटकायचा आणि पुढच्यासाठी वर बघायचा. पुण्याचा माणूस यायचा आणि चेंडू उचलून घेऊन जायचा.

"किक! किक!" साहेब ओरडत होता. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाला, याला बाहेर काढ. कसा काढणार? खांबामागं खुर्ची टाकून आमची आई बसली होती. होणाऱ्या जावयाला चारचौघांत बाहेर बसवलं असतं तर मला घरात घेतलं असतं का? आम्ही इतक्या वाईट रीतीनं हरलो की पुण्याच्या लोकांना आमची दया आली. साहेबानं विचारलं, हा पोरगा पारखला कुणी? अख्ख्या टीमनं एकदमच माझ्याकडं बोट केलं.

संध्याकाळी मी सुदामवर चिडलो. म्हटलं, "दाजी, लाथ मारता येत नाही हे आधी सांगायचं ना."

"तुमी इचारलं कुटं?"

"अहो, पण मी खेळासाठी आलोय हे तरी कळायला हवं होतं."

"ते ठाव हुतं की," सुदाम शांतपणे म्हणाला. "पोपटनं तुमी यायच्या आदल्या दिशीच सांगितलं हुतं. तुमच्या भैनीचं बी सांगितलं हुतं."

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"तुमी माजे तळहात दाबून बगत हुता ना, तवा म्या बी तुमालाच बगत हुतो," तो म्हणाला. "म्हनलं, घर चांगलं दिसतंय, आन् मेव्हना असा पाहिजे की त्याला शेवटपर्यंत काईच कळलं न्हाई पाहिजे."